चुकीचं नाणं म्हणजे नेमकं कोणतं?

आजीच्या डब्यात किंवा देव्हाऱ्यात एखादं जुनं तांब्याचं नाणं सापडतं. त्यावरचा छाप एका बाजूला सरकलेला असतो, अक्षरं अर्धी कापलेली असतात. मग दोन प्रश्न हमखास येतात: हे चुकून असं पडलंय का, आणि याची किंमत किती? मी टाकसाळींच्या कामकाजावर संशोधन करतो, त्यामुळे आधी तिसरा प्रश्न विचारतो: हे नाणं हातानं पाडलंय की यंत्रावर? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्या दोघांना अर्थच नाही.

शिवराईचंच बघा. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा हातानं धरायचा आणि हातोडा मारायचा. ठसा बऱ्याचदा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे सगळी अक्षरं नाण्यावर मावतच नसत. म्हणजे ‘श्री’ कापली गेली ही चूक नाही, ती त्या काळची रीतच आहे. उलट सगळी अक्षरं नीट बसलेली शिवराई मिळणं कठीण. आणखी एक गोष्ट: नाव शिवाजी महाराजांचं आहे म्हणून नाणं त्यांच्याच काळातलं असेल असं नाही. 1674 च्या राज्याभिषेकानंतरही हाच मजकूर पुढे पेशवाईपर्यंत पाडला जात राहिला. अक्षरांचं वळण, ओळींमधल्या रेघा आणि वजन बघूनच काळ ठरवावा लागतो.

1835 नंतर गोष्ट बदलते. कंपनी सरकारनं आपल्या मुलखासाठी एकसारखी नाणी ठरवली. 180 ग्रेनचा, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅमचा चांदीचा रुपया, आणि रुपयाला 64 असे तांब्याचे पाव आणे. ही नाणी यंत्रावर पडत. एकसारखेपणा हाच नियम झाला, तेव्हा कुठे ‘चूक’ या शब्दाला अर्थ आला. इथे छाप सरकला असेल तर ती खरोखर चूक आहे.

यातली एक चूक फार सुंदर आहे. आपल्याकडचे संग्राहक तिला ‘लखी’ म्हणतात. छापलेलं नाणं कधी कधी एका ठशाला चिकटून राहतं आणि पुढची चकती त्याच्यावरच दाबली जाते. मग नव्या नाण्याच्या एका बाजूला राणीचा उठावदार चेहरा, आणि दुसऱ्या बाजूला तोच चेहरा खोलगट व उलटा, आरशात दिसावा तसा! अशा नाण्यावर साल नसतं, कारण साल मागच्या बाजूवर असायचं आणि ती बाजू छापलीच गेली नाही. तरी काळ सांगता येतो. इंग्रजीत व्हिक्टोरियाला नुसतं ‘क्वीन’ म्हटलं असेल तर नाणं 1877 च्या आधीच्या सालांचं, ‘एम्प्रेस’ असेल तर 1877 पासूनच्या सालांचं.

नकली लखीही बनवतात. दोन साधी नाणी शिकंज्यात एकमेकांवर दाबली की खोलगट छाप उमटतो. पण तेव्हा त्या छापाखाली मूळ नक्षीच्या खुणा राहतात, आणि पलीकडची बाजू चेपते. अस्सल लखीची दुसरी बाजू ठळक असते. भिंग घ्या, तिरका उजेड टाका आणि दोन्ही बाजू बघा. वजनही करा.

आता प्रत. प्रत ठरते झिजेवरून, आणि झीज आधी उंच भागांवर दिसते: केसांच्या बटा, गाल, मुकुट. इथे नवखे लोक फसतात. छाप कमी दाबानं पडला असेल तरी चेहरा सपाट दिसतो, पण तिथे धातूचा मूळ पोत टिकून असतो. झिजलेली जागा मात्र गुळगुळीत होते. शिवराईच्या बाबतीत झीज आणि मावलेली अक्षरं यांची नोंद वेगवेगळी करावी, एकात मिसळू नये.

आणि कृपा करून चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काहीही लावू नका. तांब्यावरचा तो गडद थर शेकडो वर्षांत चढलेला असतो. तो घासला की झीज, दाब, नकलीपणा, सगळ्याचे पुरावे त्याच्याबरोबर जातात. किंमत घटते हे खरंच, पण आम्हा अभ्यासकांचं नुकसान त्याहून मोठं, कारण ते नाणं परत वाचता येत नाही.

कायद्याचंही थोडं. वारशानं आलेलं नाणं जवळ ठेवता येतं. मात्र जमिनीत पुरलेला, 10 रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते परदेशी पाठवता येत नाही.

विकायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा. त्याआधी एका चिठ्ठीवर लिहून ठेवा: नाणं कोणाकडून आलं, घराणं कुठलं, गाव कोणतं, बरोबर आणखी कोणती नाणी होती. कुठलं नाणं कुठल्या गावात फिरत होतं हे टाकसाळीच्या कागदांत सापडत नाही. ते तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्यांना आजच विचारा.