गिरणी कामगाराची जात कोणत्या रकान्यात लिहायची?

गिरणगावाचा इतिहास सांगायला कुणी बसले की ठरलेली चित्रे समोर येतात. पहाटेचा भोंगा, लाल बावटा, १८ जानेवारी १९८२ चा संप, डॉ. दत्ता सामंत, आणि शेवटी चिमणीच्या जागी उभा राहिलेला मॉल. हे सगळे खरेच आहे. पण ‘गिरणी कामगार’ या एका शब्दाखाली सगळे कामगार एकसारखे दिसू लागतात आणि आपल्या आजोबा-पणजोबांची गोष्ट तिथेच गायब होते. कामगार कोणत्या गिरणीत होता हे सगळे विचारतात. तो कोणत्या खात्यात होता, आणि त्याच खात्यात का होता, हे विचारणारे फार थोडे.

आपल्या लोकांना विणकाम खात्याचा दरवाजा बंद होता. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर काढावे लागे. महाराने ओठ लावलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला लावणार नव्हता. एवढ्या कारणासाठी जास्त मजुरीचे ते खाते आपल्याला नाकारले गेले आणि कमी पगाराच्या रिंग खात्यासारख्या कामांवर आपली माणसे राहिली. ही बंदी कुठल्या सरकारी हुकमाने आलेली नव्हती. यंत्र विलायतेचे, मालक भांडवलदार, आणि नियम मनुस्मृतीचा! तो पाळणारे कामगार मात्र संघटित होते, वर्गजाणीव असलेले होते, संपाला छातीठोकपणे उभे राहणारे होते.

१९२८ च्या मोठ्या संपात, जो जवळपास सहा महिने चालला, बाबासाहेबांनी हाच प्रश्न युनियनच्या नेत्यांपुढे ठेवला. विणकाम खात्यातली बंदी उठवण्याची मागणी तुमच्या मागण्यांत घ्या, नाहीतर आमची माणसे संपात राहणार नाहीत. नेत्यांनी ती नाखुशीने घेतली. पुढे फॉसेट समितीपुढे हा विषय निघाला तेव्हा मालकांची बाजू सोपी होती. हा अन्याय असेल, पण तो आम्ही केलेला नाही. मालक खोटे बोलत होते असे म्हणता येत नाही, हीच यातली खरी बोचणारी गोष्ट. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेब म्हणाले की या देशातल्या कामगारांना दोन शत्रूंशी लढायचे आहे, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ते वाक्य आपण पोस्टरवर छापतो. पण त्याच्या मागे धोटा आहे, कांडी आहे, खाते आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

आता हा जुना विषय आज का काढला ते सांगतो. सध्या विद्यापीठांत ‘डिजिटल ह्युमॅनिटीज’ हा शब्द जोरात आहे. साध्या भाषेत सांगायचे तर जुने कागद, फोटो, नकाशे, मुलाखती संगणकावर आणायच्या, त्यांची नीट नोंद करायची आणि शोधता येतील अशा रीतीने सगळ्यांपुढे ठेवायच्या. कामगारांचा इतिहासही असा शिकवता येतो. विद्यार्थी वस्तीत जातात, माणसांना भेटतात, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करतात. याचे मी स्वागतच करतो. आपले लोक पुस्तकात कमी आणि बोलण्यात जास्त आहेत, त्यामुळे हे तंत्र आपल्याच कामाचे आहे.

पण संगणक तेवढेच परत देतो जेवढे त्यात भरले. प्रत्येक मुलाखतीसोबत एक तक्ता भरावा लागतो: नाव, वय, गाव, गिरणी, काळ. या तक्त्यात खाते आणि जात हे दोन रकाने नसतील तर हजार मुलाखती गोळा करूनही १९२८ चा तो प्रश्न कुणाला सापडणार नाही. शोधच घेता येणार नाही. आणि हे रकाने ठेवायचे हे कुणाला सुचते? चाळीत वाढलेल्याला. म्हणून वस्ती ही माहिती देणारी नुसती खाण असून चालत नाही, तक्ता ठरवताना ती टेबलावर बसलेली असावी लागते.

हे अशक्य नाही, करून दाखवलेले आहे. जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅ यांनी गावोगावच्या बायकांसोबत काम करत एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि आज ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या आवाजासह ऐकता येतात. दळण हे काम नाही असे म्हणणाऱ्याने एकदा जाते ओढून बघावे. तिथे गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, व्यवसाय आणि जात नोंदलेली सापडते. त्यामुळेच माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या वेगळ्या काढून ऐकता येतात. तो एक रकाना नसता तर त्या ‘मराठी लोकसाहित्य’ नावाच्या गोड डबक्यात विरून गेल्या असत्या.

दुसरे उदाहरण दूरचे आहे. अमेरिकेने १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतून शेतमजूर करारावर आणले. त्यांना ब्रासेरो म्हणत. त्यांच्या इतिहासासाठी तिथल्या विद्यापीठांनी आणि स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय संग्रहालयाने मिळून एक डिजिटल संग्रह उभा केला. ते गावोगाव सभा घेत. म्हातारे मजूर आणि त्यांची मुले घरातले करार, ओळखपत्रे, फोटो घेऊन येत. शेकडो मुलाखती झाल्या. संग्रह इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत ठेवला, कारण मजुरांच्या घरी स्पॅनिश बोलतात. शिक्षकांना वर्गात वापरता येईल असे साहित्यही त्यात आहे. लिओनार्ड नाडेल या छायाचित्रकाराने १९५६ मध्ये काढलेल्या एका फोटोत उघड्या अंगाच्या मजुरांवर डीडीटी फवारताना दिसते. माणसाला कीड समजणे म्हणजे काय हे आपल्या पोरांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हा संग्रह ज्या ‘ओमेका’ नावाच्या सॉफ्टवेअरवर आहे ते फुकट मिळते.

आणि आपली स्वतःची परंपरा विसरू नका. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्या दारात जाऊन, ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये दिले. तेव्हा ना मोबाइल होता, ना क्लाउड. विद्यापीठांनी ‘समुदायाशी भागीदारी’ म्हणून जे आता शोधून काढले ते या दोघींनी बसने फिरून केले.

आता घाई का, ते बघू. बीडीडीच्या २०७ चाळी होत्या, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. गिरणीतला कामगार, गोदीतला हमाल, पालिकेचा सफाई कामगार एका जिन्यावर राहत. पुनर्विकासात या चाळी पाडल्या जात आहेत. चांगले घर मिळत असेल तर मिळालेच पाहिजे, जुन्या संडासाच्या रांगेची आठवण काढून गळा काढणाऱ्यांतला मी नाही. पण खोली रिकामी करताना माळ्यावरची पत्र्याची पेटीही बाहेर येते. त्यात गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, ईएसआयसीचे कार्ड, युनियनची पावती, ‘प्रबुद्ध भारत’चा पिवळा पडलेला अंक असतो. ही पेटी रद्दीत जायला एक दुपार पुरते. शिवाय यातल्या काही कागदांवर आजही म्हाडाच्या घराचा हक्क टिकून आहे. म्हणजे स्कॅन केलेला कागद इतिहासालाही लागतो आणि कामगाराच्या सुनेलाही.

शिस्त मात्र पाहिजे. एक उदाहरण देतो. बाबासाहेबांनी कामाचे तास चौदावरून आठ केले, असा संदेश दर १ मे ला फिरतो. प्रत्यक्षात मजूरमंत्री असताना त्यांनी आणलेल्या फॅक्टरी कायद्याच्या १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. ही नोंद त्यांच्या समग्र लेखनाच्या दहाव्या खंडातून काढता येते आणि कुणाच्या बापाला खोडता येत नाही. फुगवलेला आकडा विरोधकाच्या हातात आयते कोलीत देतो.

जातीच्या रकान्याबद्दलही एक अडचण आहे आणि ती लपवून उपयोग नाही. कित्येक घरांनी शहरात आडनाव बदलले, नातवंडे आयटीत आहेत, त्यांना आजोबांची जात गुगलवर नको असते. ही भीती खोटी नाही, ज्याने भाड्याचे घर शोधले आहे त्याला ती कळते. म्हणून बोलणाऱ्याला विचारून घ्यायचे: नाव द्यायचे की नाही, मुलाखत आत्ताच खुली करायची की वीस वर्षांनी. लेखी संमती, मराठीत, वाचून दाखवून. आणि मूळ फायलींची एक प्रत वस्तीतल्या बुद्धविहाराच्या किंवा वाचनालयाच्या हार्डडिस्कवर राहिलीच पाहिजे. संशोधक पीएचडी घेऊन जातो, संकेतस्थळाचे भाडे भरायचे थांबते आणि पान उघडत नाही, असे व्हायला नको.

कॉलेजातल्या चार पोरांनी आणि विहारातल्या दोन जाणत्या बायकांनी मिळून सुरुवात करायला एवढे पुरे आहे. आजोबांना पहिला प्रश्न ‘संपात काय झाले’ हा विचारू नका, त्याचे उत्तर त्यांनी वर्तमानपत्रात वाचलेले असते. विचारा, पहिल्या दिवशी गिरणीत कुणी लावले आणि जॉबरने किती घेतले. डबा कुठे बसून खायचात. पाण्याचा माठ एकच होता का. विणकाम खात्यात आपला पहिला माणूस कधी गेला, आणि त्याच्यानंतर त्या धोट्याला कुणी तोंड लावले. आजी वाइंडिंगला असेल तर तिला वेगळे बसवा, आजोबा मध्ये बोलतात.