जीपच्या आखूड दांड्या

विलीज कंपनीच्या लष्करी जीपमध्ये चालकाच्या हाताशी तीन दांड्या असत. लांब दांडी गिअरची. तिच्या शेजारी दोन आखूड: एक पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर जोडून देणारी, म्हणजे ‘फोर-व्हील’ची, दुसरी ‘लो’ टाकणारी. लो टाकला की गाडीचा वेग जवळपास निम्म्यावर येई आणि चाकांची ओढ त्याच हिशेबाने वाढे. चिखलातून, ओढ्यातून, उभ्या चढावरून जीप निघे ती या दोन दांड्यांच्या जोरावर. आजच्या घरगुती एसयूव्हीत बहुधा दोन्ही नसतात. त्या एकदम गेल्या नाहीत, आणि भारतात तर त्या गेल्या त्या शहरी हौसेपायी नव्हे.

१९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा मागवल्या. पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीने दिला. मोठ्या प्रमाणावर गाड्या बनवल्या विलीज आणि फोर्डने. युद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या सहा लाखांच्या पुढे गेली. रचना साधी होती. खाली शिडीसारखी पोलादी चासी, तिच्याखाली स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवलेले दोन अखंड अ‍ॅक्सल, आणि वर नावापुरता पत्रा. आराम हा शब्द त्या निविदेत असण्याचे कारण नव्हते.

भारतात ही गाडी आली ती मुंबईच्या वाटेने. पोलादाच्या व्यापारासाठी १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी सुरू झाली होती. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही; कंपनीचे नाव १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. १९४९ पासून माझगावात जीप जोडली जाऊ लागली. सुटे भाग अमेरिकेहून येत. पुढे रुळलेले ‘सीजे-३बी’ हे मॉडेल त्याच्या उंच बॉनेटवरून ओळखू येई. नवे इंजिन जुन्यापेक्षा उंच होते, ते मावावे म्हणून बॉनेट वर उचलले, एवढेच त्याचे कारण. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद पडले. भारतात त्याचा तोंडवळा त्यानंतर कित्येक वर्षे रस्त्यावर राहिला.

या जीपचे गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः सरकार. पोलीस, वनखाते, पाटबंधारे, तहसील. गावात जीप शिरली म्हणजे साहेब आले, हे न सांगता कळे. निवडणुकीत टपावर कर्णा बांधून फिरणारी तीच. पेट्रोल मात्र ती भरपूर पीत असे. त्यामुळे डिझेल इंजिन आले आणि जीप खाजगी धंद्याला परवडू लागली. इगतपुरीच्या कारखान्यात फ्रेंच प्यूजो कंपनीच्या परवान्याखाली बनलेली डिझेल इंजिने या गाड्यांत बसू लागली.

इथून गाडीचा वापर बदलला. चासी लांबवली, मागे समोरासमोर बाकडी टाकली आणि जीप प्रवासी वाहतुकीला लागली. महिंद्राची ‘कमांडर’ आणि आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ‘ट्रॅक्स’ या तिच्यातल्या प्रमुख गाड्या. सातारा-कोल्हापूरकडे या धंद्याला ‘वडाप’ म्हणतात, मराठवाडा-विदर्भात गाडीच्या रंगावरून ‘काळी-पिवळी’. एसटी चुकली की वडाप, असा हिशेब गावोगाव बसला. गाडी भरल्याशिवाय हलायची नाही हा नियम. आणि भरली याचा अर्थ ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, दाराच्या कडेला, आणखी एक माणूस अर्धा बाहेर बसला आहे. ड्रायव्हर मधे सरकलेला आणि गिअरची दांडी शेजाऱ्याच्या गुडघ्यांमध्ये. अशा गाडीत आखूड दांड्यांना जागाही नव्हती आणि कामही. पुढच्या अ‍ॅक्सलला जोर देणारी यंत्रणा म्हणजे जास्तीची किंमत, जास्तीचे वजन, जास्तीचे डिझेल. वडापवाल्याला हवी होती ती भार सोसणारी चासी आणि खड्ड्यात न टेकणारे पोट. म्हणून या गाड्या बहुतेक मागच्याच चाकांवर चालणाऱ्या निघाल्या. फोर-व्हीलशी काडीमोड घेणारे पहिले लोक हे असे अगदी खडबडीत रस्त्यावरचेच होते.

घरगुती गाडी सरकारी जीप आणि वडाप अशा दुपदरी वारशातून आली. पुण्याच्या टेल्कोने १९९१ मध्ये ‘सिएरा’ आणली आणि १९९४ मध्ये ‘सुमो’. ‘सुमो’ हे नाव जपानी मल्लांवरून नाही. टेल्कोचे एके काळचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाची ती आद्याक्षरे आहेत. दहा माणसे बसवणारी ही गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला आणि तीर्थयात्रेला जितकी चालली तितकीच टॅक्सीवाल्यांकडे. १९९८ ची ‘सफारी’ मात्र ऐसपैस होती आणि फोर-व्हील हवी असेल तर मिळे. त्यानंतर नाशिकहून महिंद्राच्या ‘बोलेरो’ (२०००) आणि ‘स्कॉर्पिओ’ (२००२) आल्या. या सगळ्यांच्या पोटाखाली शिडीची चासी शाबूत होती. मारुतीची ‘जिप्सी’ १९८५ पासून दांडीसकट तशीच राहिली. लष्कराने ती उचलून धरली, कुटुंबांनी फारशी घेतली नाही.

परदेशात चासीलाच फाटा मिळाला होता. १९८४ च्या जीप ‘चेरोकी’ला वेगळी चासी नव्हती, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलत होता. टोयोटाच्या १९९४ च्या ‘आरएव्ही४’ने तर सरळ मोटारकारचे सुटे भाग उचलून उंच गाडी उभी केली. अशा गाडीत इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके ओढतात. मागे जाणारा लांब दांडा निघाल्याने फरशी सपाट होते, वजन घटते, अ‍ॅव्हरेज वाढते, वळणावर गाडी कमी झुकते. घरच्या वापराला हे फायदे खरेच मोठे आहेत. भारतात महिंद्राची ‘एक्सयूव्ही ५००’ (२०११), रेनॉची ‘डस्टर’ (२०१२), फोर्डची ‘इकोस्पोर्ट’ (२०१३) आणि ह्युंदाईची ‘क्रेटा’ (२०१५) याच वाटेने गेल्या.

गाड्यांची मापे ठरवण्यात करांचा हात मोठा. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादनशुल्कात सवलत मिळाली आणि कंपन्यांनी एसयूव्हीही त्या मापात बसवायला घेतल्या. उलट २०१३ मध्ये एसयूव्हीवरचे शुल्क २७ वरून ३० टक्के झाले, तेव्हा एसयूव्ही म्हणजे काय हे सरकारला ठरवावे लागले. लांबी चार मीटरहून अधिक, इंजिन १५०० सीसीच्या वर, जमिनीपासून पोटाची उंची किमान १७० मिलिमीटर. जीएसटीतही हेच निकष आले. चारही चाकांना जोर आहे की नाही, हे त्यात कुठेच विचारलेले नाही.

उरली ती उंची आणि काही खुणा. बंपरखालचा रुपेरी पट्टा पाहा. मूळच्या गाड्यांत तिथे दगडापासून इंजिन वाचवणारी पोलादी ढाल असे; आता बहुतेक ठिकाणी ते रंगवलेले प्लास्टिक असते. चाकांभोवतीची काळी किनारही तशीच. उंची मात्र निव्वळ दिखाऊ नाही. पावसाळ्यानंतरचे रस्ते आणि मनाला येईल तसे उभारलेले गतिरोधक यांवर तिचा रोज उपयोग होतो. २०२३-२४ मध्ये देशात विकल्या गेलेल्या सुमारे ४२ लाख प्रवासी गाड्यांपैकी २५ लाख एसयूव्ही आणि इतर युटिलिटी गाड्या होत्या.

‘सफारी’ हे नाव २०२१ मध्ये परतले. नव्या गाडीचा सांगाडा लँड रोव्हरच्या एका आराखड्यावरून घेतलेला होता. लँड रोव्हरमध्ये त्यावर फोर-व्हील मिळे, सफारीत ती ठेवली नाही. महिंद्राची नवी ‘थार’ २०२० मध्ये आली ती फोर-व्हील घेऊनच. पण जानेवारी २०२३ मध्ये तिची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती निघाली. डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आत, लांबी चार मीटरच्या आत, किंमत त्या हिशेबाने उतरलेली. गिअरच्या दांडीशेजारी जिथे आखूड दांडी होती, तिथे बारीकसारीक वस्तू ठेवायचा खोलगट कप्पा दिलेला आहे.