पाणथळींतील वाट आणि दोरीचा कुत्रा

इंग्लंडांत केंब्रिजच्या ईशान्येस विकेन फेन नांवाची एक पाणथळ राखून ठेवलेली आहे. फेन म्हणजे बोरू-लव्हाळ्यांनीं भरलेली, काळ्या भुसभुशीत मातीची दलदल. तींतून फळ्यांची एक सपाट वाट सुमारें पाऊण मैल जाते. वृद्धांना, मुलांना, चाकांच्या खुर्चींत बसणारांनाही ती सुखाची आहे. पुष्कळ लोक तेथें आपला कुत्रा घेऊन येतात. मात्र तो आखूड दोरीनें बांधलेला असावा लागतो. हा निर्बंध क्षुल्लक वाटेल. परंतु याच मुलुखांत कुत्र्याचें काम एके काळीं अगदीं निराळें होतें.

सतराव्या शतकांत रानबदकें धरण्याची एक युक्ति हॉलंडहून इंग्लंडांत आली. दुसऱ्या चार्ल्स राजानें १६६५ च्या सुमारास लंडनच्या सेंट जेम्स बागेंत तसें तळें करविलें, आणि फेनच्या दलदलींत तर हा मोठा धंदाच झाला. तळ्याच्या कडेस वांकडे चर खणीत, त्यांवर कमानी उभारून जाळें पसरीत, व तें टोंकाकडे निमुळतें करीत नेत. चराच्या कांठीं बोरूचे तट्टे तिरपे लावलेले असत. पारधी त्यांमागें दडून राही. आपला वास बदकांना लागूं नये म्हणून धुमसत्या मातीचा एक तुकडा जवळ धरी. दिसे तो फक्त कुत्रा, तोही क्षणभर. एका तट्ट्यापुढें तो येई, लगेच नाहींसा होई, आणि पुढच्या तट्ट्यापाशीं पुन्हां प्रगट होई. कोल्ह्यासारखा तांबूस, झुबकेदार शेपटीचा कुत्रा यासाठीं मुद्दाम निवडीत. भुंकणें त्याला वर्ज्य होतें.

पाण्यावर सुरक्षित असलेलें बदक शत्रु पाहून नेहमीं पळतेंच असें नाहीं. तो नजरेआड होऊं नये म्हणून उलट त्याच्या मागोमाग पोहत जातें. अशीं बदकें चरांत खोल शिरलीं कीं पारधी त्यांच्या पाठीमागें उभा राही. मग तीं पुढें उडत, जाळ्याच्या टोंकांत सांपडत व लंडनच्या बाजारांत जात. युक्ति निर्दय खरी, पण पक्ष्याचा स्वभाव तिच्या कर्त्यांनीं किती बारकाईनें पाहिला होता!

दलदलच आटूं लागली तेव्हां या धंद्याचा आधार तुटला. १६३० मध्यें बेडफर्डच्या अर्लनें निचऱ्याचें काम अंगावर घेतलें व डच स्थापत्यज्ञ वर्म्यूडेन यानें कालवे खणले; पुढें पवनचक्क्या व वाफेचीं यंत्रें आलीं. वाळलेली माती आकसून जमीन खचली. होम गांवाजवळ १८५१ च्या सुमारास जमिनीशीं सपाट पुरलेला लोखंडी खांब आतां सुमारें चार मीटर उघडा पडला आहे. राल्फ पेन-गॅल्वे यानें १८८६ सालीं बदकांच्या सांपळ्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हां त्यांतले बहुतेक मोडीत निघालेले होते. १८९९ सालीं नॅशनल ट्रस्टनें विकेन येथें दोन एकर दलदल दहा पौंडांस घेतली. पुढें चार्ल्स रॉथशील्ड यानें आणखी जमीन दिली, आणि उरलेली पाणथळ वांचली.

आतां दोरीकडे वळावें. पोहणाऱ्या बदकाला कुत्र्याकडे पाहत राहणें परवडतें; भुईवर अंडीं उबवीत बसलेल्या टिटवीच्या जातीच्या पक्षिणीला तें परवडत नाहीं. कुत्रा घरचा व लाडका आहे, हें तिला कोण सांगणार? तिच्या दृष्टीनें तो कोल्हाच. ती उठते, अंडीं थंड होतात, आणि कावळे तर टपलेलेच असतात. म्हणूनच इंग्लंडांत ज्या मोकळ्या रानांत फिरण्याचा हक्क २००० च्या कायद्यानें सर्वांस मिळाला, तेथें १ मार्च ते ३१ जुलै या विणीच्या काळांत कुत्रा दोन मीटरांहून लांब नसलेल्या दोरीनेंच न्यावा लागतो. गुरेंमेंढरें जवळ असतील तर बाराही महिने. फळ्यांच्या वाटेवर ही शिस्त पाळणें सोपें जातें, कारण तेथें धन्याचें पाऊल फळीवर असतें, आणि आखूड दोरीमुळें कुत्र्याचेंही.