लष्करच्या वाड्यातील गारवा आणि ऊब

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे घरी आले की एक प्रश्न हमखास विचारतात : छताला पंखा, खिडकीत कूलर, भिंतीवर वातानुकूलन यंत्र आणि पलंगाखाली विजेची शेगडी, एका घरात एवढा पसारा कशासाठी? ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतून हा पसारा सर्रास आढळतो आणि आम्ही त्यास हौस समजत नाही. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तर जानेवारीच्या काही रात्री तो ५ अंशांखाली उतरतो. शिवाय उष्म्याचेही दोन प्रकार आहेत. ज्येष्ठातील लू कोरडी, श्रावणातील उकाडा दमट. एकावर जो उपाय चालतो, तो दुसऱ्यावर उलटतो.

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली. तेच पुढे लष्कर. छावणीमागोमाग आलेल्या मराठी कुटुंबांना चौकाच्या वाड्याची रचना ठाऊक होती. देशावर तळघर म्हणजे मुख्यतः धान्य वा चीजवस्तू ठेवण्याची जागा. येथे ते दुपारी निजण्याचे दालन झाले. त्याचा नमुना किल्ल्यावरच होता. मानसिंह तोमराने (कारकीर्द १४८६–१५१६) बांधलेल्या मानमंदिरात जमिनीखाली दोन मजले आहेत. काही हात खोल गेले की जमिनीचे तापमान वर्षाच्या सरासरीजवळ राहते. म्हणून एकच तळघर वैशाखात गार आणि पौषात उबदार वाटते.

वर राहणाऱ्यांसाठी वाळ्याचे पडदे असत. इकडच्या बोलीत त्यांना खसची टट्टी म्हणतात. (हा शब्द ऐकून आमची पुण्याची नातवंडे अजून हसतात.) अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त वाळ्याच्या दालनांचे श्रेय अकबराला दिले आहे. दारावर पडदा बांधून त्यावर पाणी शिंपडावे, की लू आत येईपर्यंत सुगंधी झुळूक होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता हवेतून शोषली जाते. आजचा कूलर हाच पडदा होय. शिंपडणाऱ्याच्या जागी पंप आला, इतकेच.

परंतु पाणी वाळावे तर हवा कोरडी हवी. पहिल्या पावसानंतर तोच कूलर खोलीत केवळ ओल भरतो, अंगाला चादर चिकटते. तेव्हा नुसता पंखा बरा. तोही अपुरा पडला की वातानुकूलन यंत्र. हे यंत्र जन्मले तेही दमटपणावर उपाय म्हणूनच. १९०२ साली विलिस कॅरिअरने ते न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखले, ते ओलसर हवेने कागद फुगून छपाई बिघडू नये म्हणून. माणसांच्या सुखाचा विचार मागाहून आला.

थंडीची तजवीज साधी होती : दुलई, चौकातले ऊन, कोळशाची शेगडी. शेगडी निजण्यापूर्वी ओसरीत न्यावी असा वाड्यातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा दंडक होता. बंद खोलीत कोळसा धुमसला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसल्याने निजलेल्यास जागही येत नाही. विजेची शेगडी आली ती या भीतीवरचा उतारा म्हणून.

आमच्या वाड्याच्या वाटण्या झाल्या, तेव्हा ओल चढते या कारणास्तव तळघर मलबा टाकून बुजवण्याचे ठरले. त्या कागदावर आमचीही सही आहे. शासकीय सेवेत इतरांच्या नस्त्यांवर शेरे मारण्यात हयात गेली, पण या कागदावर एक ओळ आक्षेपाची लिहावी असे आम्हांस सुचले नाही. तळघरावरच्या खोलीत आता वातानुकूलन यंत्र चालते. मे महिन्याच्या दुपारी वीज गेली की सारे कुटुंब जिन्याखालच्या सावलीत येऊन बसते. तळघराच्या पायऱ्या तेथूनच उतरत असत.