बारा गावचे पाणी आणि दात्याचे रक्त

समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला एके काळी आपल्या समाजात प्रायश्चित्त घ्यावे लागे. त्याला पंक्तीला बसू द्यावे की नाही यावर वाद माजत. ते दिवस गेले, परंतु परदेशाहून आलेल्याला एका दारावर अजून थांबवतात आणि विचारतात, "कोठे होता? किती दिवस होता?" हे दार रक्तपेढीचे होय. कामगारवस्त्यांत रक्तदानाची शिबिरे भरवताना आम्ही पाहिले आहे की, बोटीवर किंवा आखाती देशांत नोकरी करून आलेला भला माणूस या प्रश्नाने दुखावतो. "आमचे रक्त विटाळले काय?" असे तो विचारतो. त्याला उत्तर देणे हे आपले काम आहे, आणि ते उत्तर इतिहासात सापडते.

१८८० साली अल्जीरियात लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरला हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात सूक्ष्म जीव दिसला. १८९७ साली सिकंदराबादेस रोनाल्ड रॉसने तोच जीव डासाच्या पोटात पाहिला. पुढे चारच वर्षांनी, १९०१ साली, व्हिएन्नाच्या लँडस्टायनरने रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला आणि एकाचे रक्त दुसऱ्याला देण्याची वाट मोकळी झाली. पण त्याच वाटेने हिवतापही, डासाची मदत न घेता, एका माणसातून दुसऱ्यात शिरू लागला. रक्ताची पिशवी थंड पेटीत ठेवली तरी हा जीव काही दिवस तग धरतो. शिवाय तो शरीरात असूनही माणूस वरून धडधाकट दिसू शकतो. म्हणून ज्या देशांतून हिवताप हटला, तेथील रक्तपेढ्या दात्याला विचारू लागल्या, 'हिवतापाच्या मुलखात गेला होता काय?' अमेरिकेत अशा प्रवाशाला वर्षभर थांबावे लागे. २०२० साली ही मुदत ३ महिन्यांवर आली.

हा नुसता सावधपणाचा बाऊ नव्हे. १९६३ ते १९९९ या काळात अमेरिकेत रक्तातून हिवताप झाल्याची ९३ प्रकरणे नोंदली गेली. ज्या दात्यांची पूर्ण माहिती मिळाली, त्यांतील शेकडा ६० हून अधिक दाते त्या वेळच्या नियमांनुसार थांबवायला हवे होते. म्हणजे नियम होता, पण तो पाळला गेला नाही. आपल्या देशात हिवताप घरचाच पाहुणा. येथे नुसत्या प्रवासाच्या प्रश्नाने भागत नाही. म्हणून कायद्याने प्रत्येक पिशवीची हिवतापासाठी तपासणी करावी लागते.

दुसरी कथा गोऱ्या साहेबाच्या देशातली. १९८६ साली ब्रिटनमध्ये गायींना मेंदू सडवणारा एक नवा रोग असल्याचे उघड झाले. मेलेल्या जनावरांच्या मांसाहाडांची भुकटी गायींना खाऊ घातल्याने तो पसरला होता. स्वस्त खाद्याचा हा हव्यास अखेर माणसांना भोवला. १९९६ च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने कबूल केले की, माणसांतील तशाच एका नव्या रोगाचा संबंध या गायींशी असावा. रक्तात तो ओळखण्याची सोयीची चाचणी नव्हती. तेव्हा १९९९ साली अमेरिकेने ठरवले की, १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये एकूण ६ महिने राहिलेल्याचे रक्त घ्यायचे नाही. पुढे ही मर्यादा ३ महिन्यांवर आणली. युरोपातील तळांवर राहिलेले अमेरिकेचे स्वतःचे सैनिकही त्यातून सुटले नाहीत. रक्तातून हा रोग जातो ही भीती २००३ साली ब्रिटनमध्येच खरी ठरली. मात्र अशी प्रकरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. रोग ओसरला आणि २०२२ साली ऑस्ट्रेलिया व अमेरिका या दोन्ही देशांनी ही बंदी उठवली.

तिसरी कथा मात्र वेगळी आहे, आणि आमच्या मते सर्वांत बोधप्रद. फेब्रुवारी १९९० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एड्सच्या भीतीने हैतीच्या लोकांचे रक्त घेऊ नये असे सुचवले. येथे माणूस काय करतो हे पाहिले नाही, तो कोठला हे पाहिले. २० एप्रिल रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावरून हजारो हैतीयन माणसे मोर्चाने चालत गेली. त्यांत पडेल ते काम करून पोट भरणारे लोक होते. आपले रक्त घ्या, एवढाच त्यांचा हट्ट नव्हता. एका सबंध जनतेच्या कपाळी डाग लावू नका, ही त्यांची मागणी होती. डिसेंबरात ते धोरण मागे घेण्यात आले.

श्रोतेहो, या तीन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे न्याय्य नियमाची खूण पटते. न्याय्य नियम 'तू कोण?' असे विचारत नाही. 'कोठे, केव्हा, किती दिवस?' एवढेच विचारतो. तो साहेबाला आणि खलाशाला सारखाच लागू होतो. त्याला मुदत असते, आणि ज्ञान वाढले की तो बदलतो. पूर्वीच्या बहिष्कारात यांतले काहीच नव्हते.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने, १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी झाली. तेव्हापासून रुग्णाचा आधार म्हणजे दात्याची सद्भावना. तिला ठेच लागू नये म्हणून प्रश्न विचारणाऱ्याने कारणही सांगावे, आणि दात्याने खरे उत्तर द्यावे. खाटेवरच्या रुग्णाला आपले नाव ठाऊक नसते, आपला प्रवासही ठाऊक नसतो. 'आज नको, ३ महिन्यांनी या' हे ऐकून जो मुकाट्याने घरी जातो आणि ३ महिन्यांनी आठवणीने परत येतो, तोही रक्तदाताच आहे.