विहितगावचे बाबूराव

2 मार्च 1930. पंचवटीतल्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. व्यवस्थेची धुरा दिंडोरी तालुक्यातल्या दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. हजारो माणसे गोदाकाठी जमली, पण मंदिराचे दरवाजे बंदच राहिले. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, 17 जुलैला, नाशिक रोडजवळच्या विहितगावात एका दलित कुटुंबात मुलगा जन्मला. पुढे मराठी कथेचा चेहरा बदलून टाकणारे बाबूराव बागूल ते हेच.

बाबासाहेबांनी 1935 साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा बाबूराव पाच वर्षांचे होते. गावात पोराच्या शिक्षणाचे काही खरे नव्हते, म्हणून घरच्यांनी त्यांना मुंबईला मावशीकडे पाठवले. मावशी राहायची माटुंग्याच्या लेबर कॅम्पात. कामगारांची ती दाटीवाटीची वस्ती म्हणजे राजकारणाची शाळाच होती. एकीकडे आंबेडकरी चळवळ, दुसरीकडे लाल बावटा. अण्णा भाऊ साठ्यांचा डफ आणि पोवाडा याच वस्तीत घुमला. फुले, मार्क्स आणि आंबेडकर बाबूरावांना इथेच भेटले. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी मिळेल ती कामे केली, त्यात रेल्वेतली नोकरीही होती.

त्या नोकरीने त्यांना सुरतला नेले. तिथे भाड्याने खोली हवी, तर आधी जात सांगावी लागे. खरी जात सांगितली की दार बंद. जात लपवून राहण्याचा हा अपमान त्यांना सोसवला नाही. पण तो अनुभव त्यांनी सोडला नाही, त्याचीच कथा झाली. 1963 साली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला आणि मराठी वाचक हादरला. पांढरपेशा घरांच्या दिवाणखान्यात रमलेल्या कथेत एकदम झोपडपट्टी, वेश्यावस्ती, भूक आणि मारहाण शिरली. त्यांची भाषा मोजूनमापून बोलणारी नव्हती. ती अंगावर धावून येई.

मराठी वाचकाला अशा लेखनाची आठवण करून देणारा एक रशियन लेखक आहे, मॅक्झिम गॉर्की. 1868 साली व्होल्गाकाठच्या निझनी नोव्हगोरोदला जन्मलेल्या या मुलाचे खरे नाव अलेक्सेई पेश्कोव्ह. लहानपणीच कामाला लागून त्याने व्होल्गावरच्या बोटीत भांडीही घासली. लेखक म्हणून घेतलेल्या ‘गॉर्की’ या नावाचा अर्थ ‘कडू’. तळाच्या माणसांना त्याने 1902 साली थेट मॉस्कोच्या रंगभूमीवर उभे केले. दोघांनाही शिकवले ते कष्टाच्या कामांनी आणि हाती लागलेल्या पुस्तकांनी.

पण फरकही मोठा आहे. गॉर्कीच्या ‘आई’ कादंबरीतली आई मुलाच्या पाठोपाठ क्रांतीच्या वाटेला लागते. बागुलांचीही ‘आई’ नावाची कथा आहे. तिची सुरुवात शाळेत होते. गुरुजी आईवरची कविता शिकवत असतात, आणि वर्गातल्या एका मुलाला वस्तीने आपल्या विधवा आईबद्दल काढलेले शब्द आठवत राहतात. पुस्तकातली आई आणि झोपडीतली आई यांच्यामधले अंतर त्या पोराला फाडून टाकते. रशियात गरिबी होती, जुलूम होता. इथे त्यावर जातीचे ओझेही होते, आणि ते ओझे नेमके कुठे टोचते हे बागुलांनी दाखवले.

1968पासून त्यांनी लेखनालाच वाहून घेतले. 1969 साली ‘मरण स्वस्त होत आहे’ हा संग्रह आला आणि लगेच 1970 साली ‘सूड’ ही कादंबरी. ‘सूड’मधली जानकी ही वेश्येची मुलगी. बाईच्या देहावर लादलेली सत्ता ती ज्या त्वेषाने नाकारते, तो त्वेष त्या काळच्या मराठी कादंबरीला नवा होता. 1972 साली दलित पँथर ही संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्यातल्या तरुण कवी-लेखकांना बागूल वडीलधाऱ्यासारखे होते. दलित साहित्याला त्यांनी क्रांतीचे विज्ञान म्हटले आणि माणूस हा त्याचा केंद्रबिंदू मानला.

उत्तरायुष्यात ते नाशिकला परतले. हे शहर साहित्यात ओळखले जाते ते कुसुमाग्रजांचे म्हणून. काळाराम मंदिर सर्वांना खुले व्हावे यासाठी तरुणपणी कुसुमाग्रजही सत्याग्रहात उतरले होते. त्यांच्या प्रतिष्ठानचा ‘जनस्थान’ पुरस्कार 2007 साली बाबूराव बागुलांना मिळाला. मंदिरासमोरच्या त्या सत्याग्रहाला तेव्हा 77 वर्षे झाली होती.

26 मार्च 2008 रोजी बाबूरावांनी नाशिकमध्येच अखेरचा श्वास घेतला. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ त्यांच्या नावाने कथालेखकाच्या पहिल्या संग्रहाला पुरस्कार देते, हे त्यांच्या लेखनाला शोभणारेच स्मारक आहे. नाशिककरांनी मात्र तेवढ्यावर थांबू नये. पाहुण्याला काळाराम आणि कुसुमाग्रजांचे घर दाखवताना त्याच्या हाती बागुलांचा एक कथासंग्रहही द्यावा. आणि त्याआधी तो स्वतः वाचावा.