ड्राइव्ह-थ्रू बंदी

ड्राइव्ह-थ्रू बंदी म्हणजे ग्राहकाला मोटारीतून न उतरता खिडकीतून सेवा देणारी नवी दुकाने, उपाहारगृहे वा बँका उभारण्यास नगरपालिकेने भूवापर नियमांद्वारे केलेली मनाई होय. अशी बंदी प्रामुख्याने अमेरिका व कॅनडातील काही शहरांत आढळते. अमेरिकेतील मिनीयापोलिस (मिनेसोटा) शहराने २०१९ मध्ये घेतलेला निर्णय हे तिचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरे व खाजगी मोटारी झपाट्याने वाढल्या. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील बाल्डविन पार्क येथे 'इन-एन-आउट बर्गर'ने ध्वनिक्षेपकावरून मागणी नोंदवण्याची सोय सुरू केली. मॅकडॉनल्ड्सची पहिली ड्राइव्ह-थ्रू खिडकी १९७५ मध्ये ॲरिझोनातील सिएरा व्हिस्टा येथे उघडली. जवळच्या लष्करी तळावरील सैनिकांना कामाच्या गणवेशात तळाबाहेर गाडीतून उतरण्याची मुभा नव्हती, हे त्यामागचे कारण होते. पुढे अनेक मोठ्या साखळ्यांची निम्म्याहून अधिक विक्री या खिडकीतून होऊ लागली.

कायदेशीर आधार

कोणत्या भागात कोणता वापर चालेल हे ठरवण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये 'युक्लिड विरुद्ध ॲम्बलर रिॲल्टी' खटल्यात मान्य केला. त्याआधारे शहरे ड्राइव्ह-थ्रूला पूर्ण मनाई करतात, ठरावीक विभागांपुरती परवानगी देतात किंवा सुनावणीनंतर सशर्त परवाना देतात. परवान्याच्या अटींत प्रतीक्षा मार्गिकेची लांबी, घरांपासूनचे अंतर आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज यांचा समावेश असतो. बंदीपूर्वीची दुकाने सहसा तशीच चालू राहतात.

कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो शहराने १९८२ मध्येच अशी बंदी घातली होती.

मिनीयापोलिसचा निर्णय

'मिनीयापोलिस २०४०' या विकास आराखड्यात नव्या ड्राइव्ह-थ्रूंना मनाई करण्याचे धोरण होते. एका भूखंडावर एकच घर बांधण्याची सक्ती रद्द करणारा आराखडा म्हणूनही तो गाजला. नगर परिषदेने तो डिसेंबर २०१८ मध्ये स्वीकारला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये नव्या ड्राइव्ह-थ्रूंवर शहरभर बंदी घातली. ती उपाहारगृहांप्रमाणेच बँका व औषध दुकानांनाही लागू झाली. अस्तित्वात असलेल्या खिडक्या मात्र कायम राहिल्या. २०२१ मध्ये शहराने नव्या इमारतींसाठी किमान वाहनतळाची अटही काढून टाकली.

समर्थनार्थ मुद्दे

ड्राइव्ह-थ्रूमध्ये गाड्यांची ये-जा पदपथ ओलांडून होते. त्यामुळे पादचारी, सायकलस्वार आणि चाकाची खुर्ची वापरणारे यांना धोका संभवतो. रांगेत एका गाडीला सुमारे २० फूट जागा लागते. म्हणजे १० गाड्यांची रांग २०० फुटांची होते. रांग लांबल्यास ती रस्त्यावर येऊन बसगाड्या अडकतात. इंजिन चालू ठेवून थांबलेल्या गाड्यांमुळे धूर व आवाज वाढतो. मार्गिका व वाहनतळ यांखाली गेलेल्या जागेत घरे वा दुकाने होऊ शकत नाहीत.

अनेक साखळ्या पायी आलेल्या ग्राहकाला या खिडकीतून सेवा देत नाहीत. २०२० मध्ये कोविड-१९ साथीत बसण्याच्या जागा बंद झाल्या, तेव्हा मोटार नसलेल्यांना याची विशेष झळ बसली.

आक्षेप

चालणे अवघड असलेल्या व्यक्ती, वृद्ध आणि लहान मुलांसह प्रवास करणारे पालक यांना ही सोय उपयुक्त ठरते, असा विरोधकांचा मुख्य मुद्दा आहे. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात तो अधिक जोराने मांडला जातो. बंदीमुळे व्यवसाय शेजारच्या शहरात जातात, तसेच जुन्या दुकानांना स्पर्धेपासून आयतेच संरक्षण मिळते, असेही म्हटले जाते.

मर्यादा

केवळ बंदीने मोटारींवरील अवलंबित्व संपत नाही. घरापासून दुकान चालत जाण्याजोग्या अंतरावर नसेल आणि बससेवा अपुरी असेल, तर ग्राहक गाडीनेच येतो. फक्त ती वाहनतळावर उभी करतो. म्हणून नियोजनात अशा बंदीसोबत मिश्र भूवापर, सुरक्षित पदपथ व सार्वजनिक वाहतूक यांचाही विचार केला जातो.

हे सुद्धा पहा

नगररचना
सार्वजनिक वाहतूक
मिनीयापोलिस